म्यानाची वादी कुठे शिवावी

पहिल्या म्यानाला मी वादी धारेच्या बाजूने शिवली, आणि सुरी उपसताना सुरीनेच ती कापली.

कापली तीही चारचौघांत. ओझरच्या रस्त्याला एका रसवंतीशेजारी टेबल टाकून मी बसलो होतो. पुण्याहून दर्शनाला आलेली गाडी थांबली होती आणि माणसं रस पीत माझ्या टेबलाभोवती गोळा झाली होती. "अस्सल चामडं आहे, जन्मभर हलायचं नाही," असं म्हणत मी ऐटीत सुरी ओढली. वादीचा तुकडा उडाला आणि एका बाईंच्या ग्लासात जाऊन पडला. रसवंतीवाल्याने चरक थांबवला, ग्लासात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "राव, जल्म लई लहान निघाला की."

ज्यांनी सुरीचं म्यान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. म्यानात सुरी नुसती खोचली तर वाकताना, धावताना ती बाहेर पडते. म्हणून मुठीवरून चामड्याची एक अरुंद पट्टी आडवी घ्यायची आणि टिचबटणाने बंद करायची. ही वादी. ती सुरीच्या पाठीकडून यायला हवी, धारेकडून नव्हे, हे कुणालाही न शिकवता कळेल. मला कळलं नाही. मी उभी नोकरी घोडेगावच्या एका कचेरीत कारकुनी केलेला माणूस; कुठल्या कागदाला कुठे टाचणी लावायची एवढंच मला ठाऊक, आणि त्यातही कधीकधी बोटाला लागायची.

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असं कुणीतरी लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्याला निवृत्त कारकून कधी भेटला नसावा. मी मोबाईलवर एका दाढीवाल्या गोऱ्याचे व्हिडिओ पाहायला लागलो. तो आपल्या गॅरेजात, पिवळ्या दिव्याखाली, चामड्यावरून असा हात फिरवायचा की जणू ते अजून जिवंत आहे. मला वाटलं, हे जमेल. पंधरवड्यात आरी, मेणाचा दोरा, टिचबटणं ठोकायचं यंत्र, सगळं घरी आलं.

आमच्या घरात हे सोपं नव्हतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, ते ठरवून, गावाच्या डोळ्याला डोळा भिडवून सोडलं. चामड्याचा पुडा घरात आला तेव्हा आई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिने नाक वर केलं.

"काय हाय त्ये?"

"चामडं. आई, याला लेदरक्राफ्ट म्हणतात."

"म्हन की. वास त्योच हाय." मग लसणीची पाकळी सुपात टाकून म्हणाली, "तुज्या आज्यानं सोडलं तवा गावानं पानी बंद केलं व्हतं. तरी सोडलं त्ये सोडलं. आन तू हौसंनं मागवतूस, त्ये बी कुरियरनं."

मी पुडा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे जुन्नरच्या किल्ल्यांवर सुट्टीला येणारी मंडळी. त्यांच्यामुळे माझा धंदा टिकला, आणि त्यांच्याविषयी मी चांगलं बोलायला हवं, पण जीभ वळत नाही. गुडघ्यापर्यंत बूट, पाठीला तंबू, कमरेला माझं म्यान, म्यानात वीतभर सुरी. वर जाऊन कापायचं काय, तर काकडी. तीही वर विकायला बसलेल्या बाईने आधीच कापून, मीठ लावून दिलेली. त्यांनी फोटोसाठी म्यानावर हात ठेवला. सुरी कुणी काढली नाही. म्हणून पहिल्या त्या प्रकारानंतर माझ्याकडे एकही तक्रार आली नाही आणि मी स्वतःला कारागीर समजायला लागलो.

कारागीर झालो म्हणजे सिद्धांत आले. म्यानाच्या वादीला तीन जागा असतात, हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. एक, मुठीच्या गळ्याशी, म्यानाच्या तोंडाला लागून. दोन, मुठीच्या मधोमध. तीन, मुठीच्या शेवटाला, टोपीसारखी. "मधली जागा सर्वांत संतुलित," असं मी म्हणायचो. दाढीवाला म्हणायचा म्हणून मी म्हणायचो. दाढीवाला का म्हणायचा, हे मला माहीत नव्हतं, आणि आता वाटतं, त्यालाही नव्हतं.

मग दिवाळी उरकली आणि राजुरीला आमच्या रानात मेंढरं बसली. आमच्याकडे कांदा लावायच्या आधी मोकळ्या रानात मेंढरांचा कळप काही रात्री बसवून घेतात; लेंड्यांचं खत पडतं. कळपाबरोबर त्यांचा वाडाही येतो. वाडा म्हणजे जाळीत कोंडलेली मेंढरं, दोन-तीन घोडी, पायांना दोरी लावलेल्या कोंबड्या, भुंकून जीव खाणारी कुत्री आणि तीन दगडांची चूल. आमच्या रानातून उठून हा वाडा घाट उतरून कोकणात जायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्या वाड्यातली एक बाई बांधावर येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. नऊवारी लुगडं, हातात लोकरीची चाती, बोलतानाही सूत चाललेलं.

"भाऊ, तुमी सुरीची म्यानं करता म्हनं?"

"करतो की, ताई. कसलं पाहिजे? ट्रेकिंगचं, किचनचं, का नुसतं शोभेचं?"

"सुरीचं."

सुरी तिने दाखवली. लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची घडवलेली, मूठ बाभळीची, घासून घासून काळी चकचकीत झालेली. मुठीला पुढे बोटं अडवायला आडवी पट्टी नाही, मागे टोक नाही, साबणासारखी गुळगुळीत. मग तिने चाती थांबवून कारण सांगितलं.

त्यांच्यात गडीमाणसं मेंढरं घेऊन पहाटेच पुढे निघतात. मागे सगळा संसार घोड्यांवर लादायचा आणि ती घोडी घाटातून नेऊन पुढच्या मुक्कामी पोचवायची, हे बायांचं काम. गेल्या साली घाट उतरताना एका घोड्याचा बोजा सरकला.

"बोजा सरला तसं घोडं दरीच्या अंगाला कललं. दोर कापला असता तर बोजा गेला असता, घोडं ऱ्हायलं असतं. पर सुरी फडक्यात गुंडाळून बोजात खोचली व्हती. सुरी बोजात, बोजा घोड्यावर, आन मी हिकडं कासरा धरून. तळवा सोलून निघाला तवा सोडला."

"मग घोडं?" मी विचारलं. असा प्रश्न विचारायला खास अक्कल लागते.

"गेलं," ती म्हणाली. चाती पुन्हा फिरायला लागली. "आता ही नवी घोडी घेतलीया. तरणी हाय, बिचकती. पाच दिसानं आमी निघनार. तवर सुरी अंगावर पायजे. आपसूक पडाया नगं, आन मागितली की हातात आली पायजे. जमंल का?"

"त्यात काय!" मी म्हणालो.

सुरी घेऊन घरी आलो. मुठीची जाडी मापली, पात्याची लांबी मापली, कागदावर आकृती काढली, बाण काढले, बाणांना आकडे दिले. ती सुरी कुठे बांधणार, कशी बसते, कुठल्या हाताने काढणार, यातलं काहीही विचारलं नाही. संतुलित जागी, मुठीच्या मधोमध वादी शिवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐटीत बांधावर गेलो.

तिने म्यान उलटंपालटं केलं. पाठीमागे मी कमरपट्टा ओवायला जाड पट्टी शिवली होती, दाढीवाल्यासारखी.

"ह्यातनं काय घालायचं?"

"बेल्ट."

तिने खाली स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुनाचा? पोलिसाचा?"

चुलीपाशी तिची थोरली जाऊ बसली होती. ती तोंडाला पदर लावून हसत बसली, ती मी जाईपर्यंत थांबली नाही.

पट्टी उसवली. कमरेला गाठ मारून बांधता येईल असे लांब बंद लावून दिले. म्यान उजव्या कुशीला लोंबेल असं. तिने उभ्याने बांधून दाखवलं, छान दिसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ती भाकरी थापायला बसत होती. ती उकिडवी बसली तशी म्यानाचं टोक जमिनीला टेकलं, मूठ वर सरकून बरगडीत घुसली, मधोमध असलेलं टिचबटण पोटाने दाबलं जाऊन टिच्च करून उघडलं, आणि ती पुढे वाकल्यावर सुरी थेट काठवटीत, पिठात पडली.

तिने ती दोन बोटांनी उचलली. "भाकरीला सुरी लागत न्हाई, भाऊ."

इथे मला त्या दाढीवाल्याचा खरा राग आला. तो मनुष्य आयुष्यात उकिडवा बसला नसणार. त्याची सगळी म्यानं उभ्या माणसांसाठी आणि खुर्चीतल्या माणसांसाठी. पण त्याला काय बोलायचं? तो बिचारा त्याच्या गावच्या बुडाचा विचार करत होता. मी राजुरीत जन्मलो, उकिडवं बसून जेवलो, उकिडवं बसून कांदे निवडले, सकाळची कामंही त्याच आसनात उरकली, आणि मला हे सुचलं नाही. मी मापं घेतली ती सुरीची. सुरी कुठे बसत नाही.

शहाण्या माणसाने इथे तोंड उघडून दोन प्रश्न विचारले असते. मी घरी येऊन वादी दुप्पट रुंद केली आणि एकाऐवजी दोन टिचबटणं ठोकली, तीही नवी, कडक. पाडून दाखवा आता! चौथ्या दिवशी सुरी म्यानात घालून मी म्यान तिच्यासमोर उलटं धरलं, हलवलं, आपटलं. सुरी जागची हलली नाही.

"पडत न्हाई," ती म्हणाली.

"पडणारच नाही."

"निघती का?"

"निघते की." मी डाव्या हाताने म्यान धरलं, उजव्याने दोन्ही बटणं सोडवली, सुरी काढली.

ती उठली, खुंट्याची घोडी सोडून आणली, म्यान माझ्या कमरेला बांधलं आणि घोडीचा कासरा माझ्या उजव्या हातात दिला. "ह्यो हात घोडीचा. आता काढा सुरी."

"म्हणजे?"

"म्हंजी घाटात मी गाड्यांच्या अंगानं चालते, घोडी दरीच्या अंगाला, माज्या उजव्या हाताला. ह्यो हात सोडायचा न्हाई. काढा."

मी डावा हात पोटावरून वळवून उजव्या कुशीला नेला. एक बटण सापडलं, ते खालचं. वरचं शोधायला वाकलो, तेवढ्यात तिने घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. घोडी उधळली नाही, नुसती दुडकी पळाली. पण मी कचेरीत बसून वाढवलेलं वजन घेऊन तिच्यामागे आमच्याच रानातून निघालो, चार पावलं पायांवर आणि उरलेलं अंतर पोटावर. चार रात्री बसलेल्या मेंढरांचं खत जमिनीत अजून मुरलं नव्हतं, ते मला शर्टाच्या आतपर्यंत कळलं. कासरा मी कधीच सोडला होता. सुरी मात्र म्यानात जागच्या जागी होती. दोन्ही बटणं घट्ट.

"बगा," जाऊ चुलीपासून ओरडली, "पडली न्हाई हां, राव!"

ती बाई हसली नाही, हे मला जास्त लागलं. तिच्याकडे उद्याचा एकच दिवस होता. परवा पहाटे घोडी लादायची होती. तिने माझ्या कमरेचं म्यान सोडलं, स्वतःच्या पोटावर, बेंबीच्या वर, आडवं धरलं, मूठ डावीकडे. "हितं बांधनार. बसलं तरी मांडीला लागत न्हाई." मग तव्याच्या बुडाला डावा अंगठा घासला, काजळी घेतली, डोळे मिटले, आणि उजव्या मुठीत कासरा धरल्यासारखं करून डावा हात सुरीकडे नेला. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा काळा अंगठा एकाच ठिकाणी पडला: मुठीच्या गळ्याखाली, म्यानाच्या तोंडाला लागून.

"बटन हितं. एकच. अंगठ्यानं उचकाटलं की बाकीची बोटं आपसूक मुठीवर जात्यात. कळलं का?"

कळलं. खरोखर कळलं. इतक्या व्हिडिओंत कुणी हे एका वाक्यात सांगितलं नव्हतं, की वादीची जागा सुरीवर ठरत नाही, हात कुठून येतो त्यावर ठरते.

पाचव्या दिवशी मी दिवसभर नवं म्यान शिवत बसलो. जुन्याची काजळीची खूण मोजून नव्यावर उतरवली. आणि इथे मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत हलकट काम केलं. माझा एक शिक्का होता. पिंपळपानात माझं आद्याक्षर. मुद्दाम पितळेत करून घेतलेला. शिवायच्या आधी तो मी चामड्यावर ठोकत असे, म्यानाच्या तोंडाशी, जिथे सगळ्यांना दिसेल. त्या दिवशीही सवयीने ठोकला, सुंदर उठला, आणि मग पाहिलं तर बाईचं बटण नेमकं त्या पानावर येत होतं. पान झाकलं जाणार. मी म्यान दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. शेवटी बटण शिक्क्याच्या पलीकडे सरकवलं, आणि वादीही मुठीच्या शेवटाकडे तेवढीच. एकच बोट. एका बोटाने काय होतंय?

पहाटे मी म्यान घेऊन गेलो तेव्हा घोडी लादून झाली होती. तिने म्यान हातात घेतलं, बटणाकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते पोटावर बांधलं आणि कासरा धरून निघाली. म्यान तिला पसंत पडलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या आठवड्यात रसवंतीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना मी अंगठ्याचा सिद्धांत ऐकवला. माझा म्हणून.

महिन्याभराने एक ट्रेकवाला तसंच आडवं म्यान मागायला लागला, म्हणून मी एक शिवलं, शिक्क्यासकट. सहज म्हणून पोटावर बांधलं, दाराच्या कडीला दोर बांधून उजव्या हातात घेतला, डोळे मिटले आणि डावा हात नेला. अंगठा पिंपळपानावर पडला. पुन्हा नेला. पिंपळपानावर. दहा वेळा केलं. दहाही वेळा माझा अंगठा माझ्या आद्याक्षरावर, आणि बटण शेजारी, बंद.

आई खाटेवरून बघत होती. "काय करतूस?"

"काही नाही."

"दिसतंया त्ये."

त्यानंतर मला कोकणाकडून येणारा प्रत्येक माणूस घाबरवायला लागला. तिचा फोन नंबर मी घेतला नव्हता. कारागीर माणूस गिऱ्हाइकाच्या मागे लागत नाही. घोडेगावच्या एसटी स्टँडवर पेन्शनच्या कामाला गेलो की डोंगरातल्या गावांकडे जाणारी माणसं गाठून विचारायचो, घाटात यंदा कुणाचं घोडं पडलं का? एकाने उलट विचारलं, "तुमचं हाय का घोडं?" मी नाही म्हणालो. "मग कशाला इचारता अशुभ?" आणि तो लांब जाऊन उभा राहिला. शिक्का मी कपाटात टाकला, ट्रेकवाल्याला म्यान दिलं नाही, आणि उन्हाळा सरेपर्यंत एकही टाका घातला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर वाडे कोकणातून परत वर यायला लागले. एका दुपारी कुत्र्यांचा आवाज आला म्हणून मी बांधाकडे गेलो. तिच्याकडे पाहायच्या आधी मी घोडीकडे पाहिलं. होती. उभी होती, शेपटीने माशा वारत. मग तिच्या पोटावर पाहिलं. म्यान होतं, सुरी होती, पण वादी मी शिवलेल्या जागी नव्हती. ती एक बोट अलीकडे, गळ्याशी आली होती, आणि टाके माझे नव्हते. पोती शिवायच्या दाभणाने, जाळीच्या काळ्या नायलॉनने घातलेले जाड टाके. टिचबटण पिंपळपानाच्या बरोब्बर मधोमध भोक पाडून बसवलेलं.

"घाटात?" मी विचारलं.

"उतरताना न्हाई. येताना." ती म्हणाली. "ट्रकनं हारन वाजिवला, घोडी बिचकली, बोजा फिरला. अंगठा घातला, वढली, कापला दोर. हंडं गेलं दोन, पिठाचा डबा गेला, गोधड्या गेल्या. ही बया हितं हुबी हाय." तिने घोडीच्या मानेवर थाप मारली.

मी बांधावर बसलो. उकिडवा. तिथूनच म्हणालो, "ताई, माझंच चुकलं. वादी मी मुद्दाम सरकवली होती. तुमच्यासाठी नवं शिवून देतो. तुमच्या खुणेवर. शिक्का नाही, काही नाही."

"नगं, भाऊ." तिने चाती काढली आणि सूत धरलं. "तुमी शिवलेलं ह्ये एक नीट करायला माजं दोन मुक्काम गेलं."